आठ हजार एकशे तीस फूट

रिपेका व्हायतिरी नावाच्या मुलीचं पत्र मर्डो गिलीसला गेल्या वर्षीच्या ऑगस्टात आलं, आणि त्याने त्याचं उत्तर पाठवलं नाही. लिहिलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. अकरा वेळा लिहिलं. पहिलं फार लांबलं, दुसरं फार त्रोटक झालं, तिसऱ्यात माफी इतकी होती की मूळ मुद्दा कुठे सापडेचना. पुढच्यांचं काय झालं ते त्याने कुणाला सांगितलं नसतं. मूळ पत्र त्याने दीपगृहांच्या इतिहासाच्या एका जाडजूड ग्रंथात घालून ठेवलं, तिसऱ्या फळीवर, अगदी भिंतीच्या कडेला, म्हणजे येता-जाता दिसू नये. परिणाम एवढाच झाला की खोलीत शिरलं की त्याची नजर आधी तिसऱ्या फळीच्या कडेला जायची.

पत्र हाताने लिहिलेलं होतं. रिव्हर्टनच्या मासळीच्या कारखान्यातला पाळ्यांचा तक्ता होता, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर.

‘मिस्टर गिलीस, तुमचा सिम्युलेटर मी इथल्या वाचनालयातून आणला. कामावरून आले की रोज तासभर बसते. मला हवाई वाहतूक नियंत्रक व्हायचं आहे. घरात हे फक्त माझ्या आजोबांना माहीत आहे. एक गोष्ट मला समजत नाही. मी विमानाला नऊ हजार फुटांवर उतरायला सांगते, तेही “नऊ हजार” असं परत म्हणून दाखवतं, पण पडद्यावर त्याच्या खाली जाऊन थांबतं. कधी तीनशे फूट खाली, एकदा तर जवळजवळ नऊशे. कधी वरच अडकतं. काही दिवशी अगदी बरोबर. तेरा हजार फुटांच्या वर कधीच चुकत नाही. त्या दिवसाचा हवेचा दाब मी आजोबांच्या बोटीवरच्या दाबमापकावर बघून भरते. मला एवढंच कळवा, चूक माझी आहे का? माझी असेल तर हे काम माझ्याच्याने होणार नाही असं मी समजेन आणि निवडीचा अर्ज भरणार नाही. अर्ज ऑक्टोबरच्या शेवटी बंद होतात.’

मर्डोने अडतीस वर्षं विमानं खाली उतरवली होती. आधी क्राइस्टचर्चच्या रडारच्या खोलीत, मग इन्व्हरकार्गिलच्या टॉवरवर. निवृत्त झाल्यावर त्याच्या बरोबरीचे लोक बागेत सलगम लावू लागले किंवा शनिवारी रग्बीच्या मैदानावर जाऊन पंचांना शिव्या देऊ लागले. मर्डोला दोन्ही जमत नव्हतं. तो पुस्तकं वाचत राहिला, आणि चार वर्षं खपून त्याने एक सिम्युलेटर लिहिला. घरच्या संगणकावर बसून कुणालाही रडारच्या पडद्यावरची विमानं सांभाळता यावीत, एवढाच उद्देश. पेन ड्राइव्हवर भरून त्याने तो फ्लाइंग क्लबला आणि आसपासच्या वाचनालयांना फुकट दिला. कुणी खरोखरच वापरेल असं त्याला वाटलं नव्हतं. एक जण वापरणारा निघाला, आणि त्या एकाला पहिल्याच फटक्यात चूक सापडली. आपल्या आयुष्याची गोष्ट सांगायची तर एवढी पुरे, असं त्याला तेव्हा वाटून गेलं.

उंचीमापक म्हणजे शेवटी हवेचा दाब मोजणारं घड्याळच. दाब रोज बदलतो, त्यामुळे तेच घड्याळ तेवढ्याच उंचीवर आज एक सांगतं, उद्या दुसरं. म्हणून तेरा हजारांच्या वर सगळी विमानं एकच ठरलेला दाब धरून उडतात. सगळे सारखेच चुकीचे असले की कुणी कुणावर आदळत नाही. तेरा हजारांच्या खाली आलं, डोंगर जवळ येऊ लागले, की पायलट घड्याळात त्या दिवसाचा खरा दाब भरतो. देशाच्या दक्षिण टोकाला, म्हणजे साउथलंडला, नैर्ऋत्येचा वारा सुटला की दाब असा काही कोसळतो की खरी आणि ठरलेली उंची यांत सात-आठशे फुटांचा फरक सहज पडावा.

पत्र आलं त्याच संध्याकाळी मर्डोने सिम्युलेटर लावला, वादळी दिवसाचा दाब भरला आणि एका विमानाला नऊ हजारांवर उतरायला सांगितलं. ते पडद्यावर आठ हजार एकशे तीसवर जाऊन थांबलं आणि तिथे निवांत घोटाळत राहिलं. चूक पोरीची नव्हती. हे त्याला पहिल्या तासातच समजलं.

पण मग त्याने ठरवलं, आधी दुरुस्ती, मग उत्तर. चूक माझी आहे पण कुठे आहे ते मला माहीत नाही, असं काय कळवायचं? त्याने विमानाचा भाग तपासला, तो बरोबर निघाला. रडारच्या खोलीचा भाग तपासला, तोही बरोबर. वेगवेगळे पाहिले की दोघेही शहाण्यासारखे वागायचे, आणि एकत्र आणले की विमान खाली घसरायचं. असं करता करता ऑक्टोबर उलटला, अर्ज बंद झाले, आणि मग उत्तर पाठवायला तोंडच उरलं नाही. दुसरं पत्र आलं नाही. येईल अशी आशा धरायचा आपल्याला हक्क नाही, असं मर्डोला वाटायचं, आणि तरी टपाल आलं की तो दाराशी जायचा.

यंदाच्या ऑक्टोबरातल्या तेवीस तारखेला, गुरुवारी, डल्सी रेनी नेहमीसारखी चीज रोल घेऊन आली. टॉवरवर ती एकोणीस वर्षं मर्डोच्या शेजारच्या खुर्चीत बसत होती. त्याच्याही आधी ती प्रशिक्षण केंद्रात होती. तिथे शिकाऊ नियंत्रक एका खोलीत बसायचे आणि बाजूच्या खोलीत डल्सीसारखे लोक पायलट बनून त्यांना छळायचे. ती एका दिवसात सात वेगवेगळे कॅप्टन व्हायची आणि त्यांतल्या तिघांना तरी सर्दी झालेली असायची. आता बहात्तराव्या वर्षीही तिच्या आवाजात एखादा कॅप्टन मधूनच डोकावायचा.

बाहेर नैर्ऋत्येचा वारा खिडक्यांना धडका देत होता. डल्सीने रोल ओव्हनमध्ये ठेवले आणि सांगितलं, की शनिवारी क्लबात प्रश्नमंजूषा आहे, विषय समुद्र, आणि डॉग आयलंडच्या दीपगृहाची उंची किती हा प्रश्न येणार म्हणजे येणारच. तुझ्याकडे ते पुस्तक आहे ना, असं ती विचारतेय न विचारतेय तोच तिचा हात तिसऱ्या फळीवर पोहोचला होता. मर्डो खुर्चीतून उठेपर्यंत ग्रंथ उघडला गेला आणि पत्र जमिनीवर पडलं.

“हे काय?”

मर्डो म्हणाला, की खूण आहे, पान सापडावं म्हणून घातलेली.

“खुणेवर तुझं नाव कसं काय रे?”

तिने पत्र उभ्या उभ्या वाचलं, मग बसून परत वाचलं. मर्डो स्वयंपाकघरात जाऊन, आधीच ओतलेला चहा पुन्हा ओतायच्या तयारीला लागला.

“उत्तर दिलंस?” तिने तिथूनच विचारलं.

“देणार आहे.”

“गेल्या ऑगस्टचं आहे हे.”

“हो.”

डल्सीने दीपगृहाची उंची न बघताच ग्रंथ मिटून फळीवर ठेवला. तिला ओळखणाऱ्या कुणालाही यातलं गांभीर्य समजलं असतं. मग ती पत्र घेऊन स्वयंपाकघरात आली आणि त्याच्यासमोर टेबलावर पसरून एका ओळीवर बोट ठेवलं.

“तिने तुझ्याकडे दुरुस्ती मागितलीच नाहीये, मर्डो. नीट वाच. चूक माझी आहे का, एवढंच विचारतेय. तुला हे कधी कळलं?”

“त्याच संध्याकाळी.”

“आणि ‘नाही’ एवढं लिहायला चौदा महिने?”

मर्डोने ती ओळ शंभरदा वाचली होती. पण दरवेळी त्याला तिच्यात आपलीच चूक दिसत आली होती. पत्रात एक मुलगी आपल्याविषयी विचारते आहे, हे त्याला त्या दुपारी प्रथमच दिसलं. तो बसला. मग म्हणाला, की आत्ता एक ओळ लिहितो, आत्ताच्या आत्ता, तू पाकीट शोध.

“आता एका ओळीने भागायचं नाही,” डल्सी म्हणाली. “तेव्हा भागलं असतं. आता नुसतं ‘नाही’ म्हणालास तर ती म्हणेल, म्हाताऱ्याला दया आली. चूक कुठे होती ते सांग आणि धड चालणारा सिम्युलेटर पाठव, मग ती विश्वास ठेवेल. अर्ज एकतीसला बंद होतात ना यंदाही?”

होतात, मर्डोने ते पाहून ठेवलं होतं. रोज पाहत होता. सोमवारी कामगार दिनाची सुट्टी, आणि त्या बाजूला टपाल हल्ली आठवड्यातून दोन-तीनदाच वाटतात. म्हणजे पाकीट आज पाचच्या आत कोपऱ्यावरच्या पेटीत पडलं तरच ते वेळेत पोहोचणार होतं. डल्सी म्हणाली की गाडी काढते, चाळीस मिनिटांत रिव्हर्टन. मर्डोने तिला पाकिटावरचा पत्ता दाखवला. नुसता टपालपेटीचा क्रमांक होता, ना रस्ता ना फोन. आणि गावात विचारत हिंडलो तर तिच्या घरच्यांना कळणार, ज्यांना आजोबा सोडले तर तिने काहीच सांगितलेलं नाही. डल्सीने किल्ल्या परत खिशात टाकल्या. घड्याळात सव्वा वाजला होता.

मर्डो म्हणाला, “जे चौदा महिन्यांत सापडलं नाही ते पावणेचार तासांत कसं सापडणार?”

“चौदा महिने तू एकटा शोधत होतास. आपल्या कामात एकट्याने कधी काही केलंय का कुणी? तू सांगायचं, मी परत म्हणून दाखवायचं. प्रोग्रॅमचे कागद असतील ना छापलेले?”

कागद होते. मर्डोने सगळा प्रोग्रॅम छापून त्याचे दोन गठ्ठे बांधले होते. एकात विमान, दुसऱ्यात रडारची खोली. डल्सीने विमानाचा गठ्ठा स्वतःकडे घेतला, खोलीचा त्याच्या हातात दिला आणि स्वयंपाकघराच्या मधोमध दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्या. प्रशिक्षण केंद्रात अशीच भिंत असायची मध्ये, फक्त तिथे ओव्हनमधून चीजचा वास येत नसे.

तिने नियम सांगितला. प्रत्येकाने आपल्या कागदावर लिहिलंय तेवढंच करायचं, कमी नाही, जास्त नाही. “डोकं वापरायचं नाही. डोकं वापरायची तुला खोड आहे, म्हणून ही वेळ आली.”

मर्डो म्हणाला की ठीक आहे, पण ते आवाज काढू नकोस.

“कसले आवाज?” डल्सीने सर्दी झालेल्या कॅप्टनच्या आवाजात विचारलं.

मर्डोने भिंतीवरच्या दाबमापकाकडे पाहिलं. योगायोग असा की, पत्र आलं त्या संध्याकाळी त्याने सिम्युलेटरमध्ये जो दाब भरला होता, नेमका तोच आज होता. काटा नऊशे चौऱ्याऐंशीवर टेकला होता. त्याने घसा खाकरला. निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत त्याने हे शब्द मोठ्याने उच्चारले नव्हते, आणि ते तोंडातून निघाले तेव्हा त्याचा आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. त्यात कुठलीच शंका नव्हती.

“रेनी एक, नऊ हजार फुटांवर उतरा. दाब नऊशे चौऱ्याऐंशी.”

“नऊ हजार फूट, दाब नऊशे चौऱ्याऐंशी, रेनी एक,” मागून उत्तर आलं, आणि मग कागद उलटल्याचा आवाज. डल्सी पुटपुटत वाचत होती. वीस हजार, अठरा, पंधरा. तिला मजा येत होती हे पाठीमागूनही कळत होतं. “आता तेरा हजारांच्या खाली आले. इथे लिहिलंय, आजचा दाब भरा. भरला. ठरलेल्या दाबापेक्षा एकोणतीसने कमी, एकाला तीस फूट, म्हणजे आठशे सत्तर वजा. केले. उतरतेय, उतरतेय. थांबले. रेनी एक, नऊ हजारांवर स्थिर. पुढे लिहिलंय, उंचीचा आकडा खोलीकडे पाठवा. घे.”

तिने प्रश्नमंजूषेच्या कागदाचा एक तुकडा फाडून त्यावर आकडा लिहिला आणि खांद्यावरून मागे धरला. मर्डोने तो घेतला. नऊ हजार. मग तो आपल्या कागदावर काय लिहिलंय ते वाचू लागला. विमानाकडून आकडा घ्या. तेरा हजारांच्या खालचा असेल तर आजच्या दाबाप्रमाणे दुरुस्त करा. त्याने मुकाट्याने आठशे सत्तर वजा केले आणि खाली उत्तर लिहिलं. त्याची पेन्सिल तिथेच थांबली.

“काय झालं?” डल्सीने विचारलं. “रडार बंद पडलं का?”

“आठ हजार एकशे तीस.”

“काहीतरीच. मी नऊ हजारांवर आहे.”

“हो, पण मी आठशे सत्तर वजा केले.”

“ते मी वजा केले.”

“मलाही करायला सांगितलंय इथे.”

दोघंही तशीच पाठीला पाठ लावून बसून राहिली. ओव्हनची घंटी वाजली, पण कुणी उठलं नाही.

खऱ्या विमानात असं होत नाही, हे दोघांनाही झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पायलट घड्याळात कुठलाही दाब भरो, विमान खाली रडारला जो आकडा पाठवतं तो नेहमी ठरलेल्या दाबाचाच असतो. पायलटची वजाबाकी त्याच्या स्वतःच्या डोळ्यांपुरती. रडारच्या खोलीने आपली वजाबाकी आपण करायची. मर्डोच्या विमानाने मात्र वजाबाकी करून झालेला आकडा खाली पाठवला होता, आणि खोलीने तो कच्चा समजून त्याच्यातून पुन्हा वजा केलं होतं. म्हणून चूक विमानात सापडत नव्हती आणि खोलीतही सापडत नव्हती. ती मधल्या त्या कागदाच्या तुकड्यावर होती, आणि तिथे मर्डोने कधी पाहिलंच नव्हतं. तेरा हजारांच्या वर कुणीच वजा करत नव्हतं, म्हणून तिथे सगळं ठीक. दाब ठरल्याइतकाच असेल त्या दिवशी वजा करायला काही नव्हतं, म्हणून त्याही दिवशी ठीक. पोरीने पत्रात हे सगळं जवळजवळ लिहूनच पाठवलं होतं.

तो हे सांगत होता आणि डल्सी हसू लागली. आधी नाकातून, मग खुर्चीसकट.

“अरे, तू दोन माणसं लिहिलीस आणि दोन्ही तूच आहेस,” ती म्हणाली. “समोरच्याने केलं असेल असं धरून चालायचं नाही, आपण पुन्हा करायचं. वर पण मर्डो, खाली पण मर्डो. एकाचा दुसऱ्यावर भरवसा नाही. बिचारं विमान काय करेल, जाणारच खाली.”

त्यांच्या खोलीत पहिल्या दिवसापासून हेच शिकवलं जायचं, की समोरच्याने बघितलं असेल असं कधीही समजू नका. अडतीस वर्षं मर्डोने ते इमानाने पाळलं होतं. निष्काळजीपणाने झालेली चूक तो चौदा महिने शोधत होता, आणि ही तर काळजीपोटी झालेली निघाली. त्याला वाटलं की वाईट वाटायला हवं, पण वाटेना. हसू यायला लागलं. तो फारसा हसणारा माणूस नव्हता, त्यामुळे त्याचं हसणं सुरू व्हायला वेळ लागला आणि थांबायला त्याहून जास्त. डल्सीला शेवटी रोल जळतील म्हणून उठावं लागलं.

दुरुस्ती एका ओळीची होती. विमानाने घड्याळातला आकडा स्वतःजवळ ठेवायचा आणि कच्चा आकडा खाली पाठवायचा. मर्डोने ती ओळ लिहिली, तीनदा वाचली, चौथ्यांदा वाचायला लागला तेव्हा डल्सीने त्याच्या खांद्यावरून हात घालून बटण दाबलं. नऊशे चौऱ्याऐंशी दाब, नऊ हजारांचा हुकूम. पडद्यावरचं विमान तेरा हजारांतून खाली आलं, दहा हजारांतून आलं, आणि नऊ हजारांवर येऊन असं थांबलं की जणू तिथे फळीच ठोकलेली होती.

“पुन्हा,” मर्डो म्हणाला.

पुन्हा थांबलं. मग त्यांनी उन्हाळ्यातल्या स्वच्छ दिवसाचा चढा दाब भरून पाहिला, मग असा भयंकर उतरलेला दाब भरला की तो खरा असता तर त्या दोघांवर छप्पर राहिलं नसतं. विमान दरवेळी जिथे सांगितलं तिथे. मग डल्सी म्हणाली की आता मला बसू दे, आणि तिने पडद्यावर एकदम चौदा विमानं सोडली. तोंडात चीज रोल, एका हातात चहा, आणि ती त्यांना एकामागून एक खाली आणू लागली. एका विमानाला तिने डोंगराआड वाट बघायला लावली आणि त्याचा पायलट कुरकुरतोय अशी कल्पना करून त्याला सुनावलंही. मर्डो मागे उभा राहून प्रत्येक आकडा बघत होता. नऊ हजार, सात हजार, चार हजार. एकही आकडा इकडचा तिकडे नव्हता. डल्सी मध्येच म्हणाली, की तुझं हे खेळणं चांगलं आहे रे, आधी का नाही सांगितलंस? मर्डोने तिच्या कपात आणखी चहा ओतला.

चार वाजून दहा मिनिटांनी तिला घड्याळ दिसलं.

पत्राला अर्धा तास लागला, आणि तोही डल्सी शेजारी बसली होती म्हणून. मर्डोने पहिलं वाक्य लिहिलं, ‘आपल्या पत्रास उत्तर देण्यास माझ्याकडून जो अक्षम्य विलंब’, आणि डल्सीने कागद ओढून घेतला. दुसऱ्या कागदावर त्याने आपल्या कामाची पार्श्वभूमी सुरू केली, तोही गेला. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, “तिला जे विचारायचं होतं ते सगळ्यात वर. मग बाकीचं काय ते.”

शेवटी जे लिहिलं गेलं ते असं होतं:

‘मिस रिपेका, चूक तुमची नव्हती. एकदाही नव्हती. हे मला तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी कळलं होतं आणि मी कळवलं नाही, ही माझी दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. पहिली आज सापडली. विमान आणि खोली दोघंही तीच वजाबाकी करत होते. सोबतच्या पेन ड्राइव्हवर दुरुस्त केलेला सिम्युलेटर आहे, कितीही वादळी दिवस भरून पाहा. तेरा हजारांच्या वर चूक होत नाही, असं तुम्ही लिहिलं होतंत. अडतीस वर्षांत मी खूप शिकाऊ मुलं पाहिली. आकडे चुकले की बहुतेक जण घाबरतात. कुठे चुकत नाहीत हे बघून ठेवणारे फार थोडे भेटले. अर्ज एकतीस तारखेला बंद होत आहेत. तुमचं मन अजून असेल तर कृपया भरा. त्यात कुणा जाणकाराचं नाव द्यावं लागतं, ते माझं द्या. खाली माझा फोन नंबर आहे. मला फोनवर नीट बोलता येत नाही, पण तुम्ही केलात तर मी उचलेन. मर्डो गिलीस.’

डल्सीने वाचलं. फोनच्या वाक्यावर तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं. पाकिटावर तिकिटं लावताना तिने एक जास्तच लावलं.

पाचला सात मिनिटं होती. पेटी कोपऱ्यावरच होती, पण वारा समोरून होता, आणि शहात्तराव्या वर्षी त्या वाऱ्यात चालणं म्हणजे पुढे झुकून उभं राहण्यासारखंच. मर्डोने पाकीट कोटाच्या आत छातीशी धरलं होतं. तो अर्ध्या वाटेवर असताना टपालाची गाडी त्याला ओलांडून पेटीपाशी जाऊन थांबली. मागून डल्सी फाटकातून ओरडत होती की पळ, आणि शेजारचे दोघं-तिघं काय झालं म्हणून खिडकीशी आले. मर्डो पळाला. नीटसं पळणं नव्हतं ते. टोपी उडाली, तिच्यासाठी तो थांबला नाही.

गाडीतून उतरलेल्या बाईने पेटी रिकामी करून पिशवीचं तोंड आवळायला घेतलं होतं. तिने त्याला येताना पाहिलं आणि हात थांबवला. मर्डो तिच्यापाशी पोहोचला तेव्हा त्याच्याकडे बोलायला श्वास नव्हता. त्याने पाकीट काढलं, पत्ता वाचला, पुन्हा वाचला. मुलीने वर्षभरापूर्वीच हे सगळं सोडून दिलं असलं तर? पेटीचा क्रमांक बदलला असला तर? ती रागावली असली तर, आणि रागवायचा तिला हक्क होताच.

बाईने पिशवी त्याच्यासमोर उघडी धरली होती. वाऱ्याने तिचे केस तोंडावर येत होते.

“टाकताय ना, काका?” ती म्हणाली. “नाहीतर मी उडून जाईन.”

“टाकतो,” मर्डो म्हणाला, आणि हात मोकळा केला.